सुट्टीतल्या पार्टीसाठी घरचा बार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसे घरी बोलवायची ठरली की जेवणाचा बेत लवकर ठरतो, पण पेयांचा विषय "बघू, आणू काहीतरी" या वाक्यावर अडकतो आणि शेवटच्या दुपारी धावपळ होते. ही प्रश्नोत्तरे अशा यजमानांसाठी आहेत. येथील हिशेब वीस निमंत्रित आणि चार तासांची संध्याकाळ धरून केला आहे. माणसे कमी-जास्त असतील तर आकडे त्याच प्रमाणात बदलावेत.

घरी बार मांडण्यासाठी किती प्रकारच्या बाटल्या लागतात?

वाटते त्यापेक्षा बऱ्याच कमी. मी पहिल्यांदा घरी बार मांडला तेव्हा चौदा प्रकारच्या बाटल्या आणल्या होत्या आणि टेबलावर उंचीनुसार ओळीने लावून ठेवल्या होत्या. पाहुणे येत, त्या ओळीकडे कौतुकाने पाहत आणि "यातले मला काय आवडेल?" असे मलाच विचारत. प्रत्येकासाठी निराळे पेय करता करता माझी सगळी संध्याकाळ टेबलामागे गेली, दुसऱ्याच तासाला बर्फ संपला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर चौदांपैकी नऊ बाटल्यांचे सीलही तुटलेले नव्हते.

तेव्हापासून मी दोन मिश्र पेये आधी ठरवतो आणि त्यांनाच लागणारे साहित्य आणतो. एक पेय कडसर आणि तीव्र, जे लोक सावकाश घोट घोट घेतात. दुसरे लिंबाचे, सोडा घातलेले आणि हलके. दोन्ही जिनचीच केली तर जिनच्या दोन बाटल्या, गोडसर लाल व्हर्मुथची (वनस्पतींचा स्वाद दिलेल्या वाइनची) एक आणि लाल कडू लिक्युअरची (स्वाद दिलेल्या गोडसर मद्याची) एक, अशा चार बाटल्यांत मिश्र पेयांचा विषय संपतो. सोबत वाइन, बिअर आणि मद्यविरहित पेये असली की कोणाची गैरसोय होत नाही. एखादा पाहुणा ठरावीक व्हिस्कीच घेतो हे ठाऊक असेल तर ती एक बाटली जरूर आणावी, पण "असू दे एखादी" म्हणून आणलेली बाटली वर्षभर कपाटात बसून राहते.

मद्य किती लागेल, याचा हिशेब कसा करावा?

एक साधा आडाखा असा आहे की मद्य घेणारा माणूस पहिल्या तासात दोन आणि नंतर दर तासाला एक ग्लास घेतो. चार तासांचे पाच ग्लास झाले. वीसपैकी पंधरा जण मद्य घेणारे असतील तर पंच्याहत्तर ग्लास होतात. ही खरेदीची कमाल मर्यादा आहे. लोकांनी एवढे घ्यावे अशी अपेक्षा नव्हे, आणि बहुतेक पार्ट्यांत त्याहून कमीच लागते.

आता हे पंच्याहत्तर ग्लास वाटून घ्यावेत. तीस ग्लास वाइनचे धरले तर ७५० मि.ली.च्या बाटलीत १५० मि.ली.चे पाच ग्लास भरत असल्यामुळे सहा बाटल्या लागतील. बिअरच्या वीस छोट्या बाटल्या. उरलेले पंचवीस ग्लास मिश्र पेयांचे. मिश्र पेयात ४५ मि.ली. मद्य धरले तर ७५० मि.ली.च्या एका बाटलीत अशी सोळा मापे बसतात, म्हणजे पंचवीस पेयांना जिनच्या दोन बाटल्या पुरून उरतात. माझ्या त्या चौदा बाटल्यांची आठवण मला हा हिशेब करताना दर वेळी येते.

पाहुण्यांत बिअर घेणारे जास्त की वाइन घेणारे जास्त, हे यजमानालाच ठाऊक असते. तेव्हा वरची वाटणी आपल्या मंडळींप्रमाणे बदलावी. बेरीज मात्र बदलू नये.

"एक ड्रिंक" म्हणजे नेमके किती?

हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, आणि तेथेच गफलत होते. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याच्या ४५ मि.ली. मापात १८ मि.ली. शुद्ध अल्कोहोल असते. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मि.ली. ग्लासातही १८ मि.ली. असते, आणि ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३५५ मि.ली. कॅनमध्ये जवळपास तेवढेच. वजनात हे साधारण १४ ग्रॅम होते. अमेरिकेत "एक ड्रिंक" म्हणून हेच प्रमाण धरतात, तर ब्रिटनमधले एक युनिट ८ ग्रॅमचे असते. म्हणून "मी फक्त बिअर घेतो" या वाक्याला तसा अर्थ नाही.

मिश्र पेयांत हा हिशेब आणखी फसवा होतो. नेग्रोनी हे जिन, लाल व्हर्मुथ आणि कडू लिक्युअर प्रत्येकी ३० मि.ली. घेऊन करतात. तीनही घटकांत अल्कोहोल असल्यामुळे एवढ्याशा ग्लासात सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल जाते, म्हणजे जवळजवळ दीड ड्रिंक. हे पेय ठेवणार असाल तर त्याचा ग्लास लहानच असावा.

मापाने ओतण्याची खरोखरच गरज आहे का? डोळ्यांनी अंदाज येतो की.

येत नाही. घरच्या ग्लासात डोळ्यांनी ४५ मि.ली. पाणी ओतून पाहावे आणि मग ते मापाच्या पेल्यात रिकामे करावे. मी हा प्रयोग चार-पाच जणांकडून करून घेतला आहे. रुंद ग्लासात बहुतेकांचा हात सैल सुटतो आणि माप साठ-सत्तरच्या घरात जाते. असे अंदाजपंचे ओतलेले पेय चवीला बिघडते, बाटली लवकर संपते आणि पिणाऱ्याला आपण किती घेतले याचा पत्ता लागत नाही. मापाचा पेला नसेल तर स्वयंपाकघरातला १५ मि.ली.चा मोठा मापाचा चमचा चालतो. तीन चमचे म्हणजे ४५.

बर्फ किती लागतो?

माणशी पाऊण किलो धरावा, म्हणजे वीस जणांना पंधरा किलो. आकडा ऐकून लोक हसतात, पण यातला जवळपास निम्मा बर्फ ग्लासात जातच नाही. तो बाटल्या थंड करण्यात खर्च होतो. घरच्या एका ट्रेमधून पाव किलोच्या आत-बाहेर बर्फ निघतो, त्यामुळे पंधरा किलोंसाठी साठहून अधिक ट्रे भरावे लागतील. एका रात्रीत हे होणे नाही. एक तर बर्फ विकत आणावा, नाही तर चार-पाच दिवस आधीपासून ट्रे भरून, निघालेले तुकडे घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत साठवत जावेत. पिशवी बंद ठेवण्याचे कारण असे की बर्फ फ्रीझरमधले वास सहज शोषून घेतो, आणि मासळीच्या वासाचा बर्फ उत्तम जिनचीही वाट लावतो.

बर्फ दोन ठिकाणी ठेवावा. ग्लासात घालायचा बर्फ झाकणाच्या बर्फपेटीत, चिमट्यासह. त्यात कोणीही हात किंवा ग्लास घालू नये. काचेचा ग्लास बर्फात खुपसून भरताना त्याचा कपचा उडाला तर तो बर्फात दिसत नाही आणि सगळी पेटी ओतून द्यावी लागते. बाटल्यांचा बर्फ वेगळ्या टबमध्ये.

जास्त बर्फ घातला की पेय पातळ होते ना?

उलट आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता ओढून घेतो, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला ४.२ जूल पुरतात. म्हणजे पेय गार होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे. गारवा आणि पातळपणा ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत. ग्लासात दोनच तुकडे टाकले तर पेय गार करण्याचे सगळे काम त्या दोघांवर पडते, ते पूर्ण वितळून जातात आणि नंतर पेय कोमट होत राहते. ग्लास काठापर्यंत बर्फाने भरला तर पेय पटकन शून्याजवळ जाते, आणि एकदा तेथे पोहोचले की बर्फ वितळण्याचा वेग मंदावतो. मोठा तुकडा लहान तुकड्यांपेक्षा सावकाश वितळतो, कारण त्याच वजनाला त्याचा पृष्ठभाग कमी असतो. सावकाश घ्यायच्या तीव्र पेयात एक मोठा तुकडा, सोड्याच्या उंच ग्लासात लहान तुकडे खच्चून, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बाटल्या लवकर थंड कशा कराव्यात?

टबमध्ये नुसता बर्फ भरू नये, त्यात पाणी घालावे. नुसत्या बर्फाचा बाटलीला ठिकठिकाणीच स्पर्श होतो आणि मधल्या हवेतून उष्णता सावकाश जाते. पाणी मात्र बाटलीला चहूबाजूंनी बिलगते. निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि दोन मुठी मीठ घातले तर मिठामुळे मिश्रण शून्याच्याही खाली जाते आणि वाइनची बाटली वीस-पंचवीस मिनिटांत पिण्याजोगी थंड होते. त्याच कामाला फ्रिजला दोन-तीन तास लागतात. बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा प्रकार टाळावा. ४० टक्क्यांचे मद्य घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांत गोठत नाही, पण वाइन आणि बिअर गोठतात, फुगतात आणि बाटली फोडतात.

बार घरात कुठे मांडावा?

दारापासून आणि स्वयंपाकघराच्या वाटेपासून दूर. बारभोवती माणसे घोळका करून उभी राहतात, हा सगळ्या पार्ट्यांचा स्वभाव आहे. तो घोळका जेथे परवडेल अशी जागा निवडावी. टेबल भिंतीला चिकटवू नये, दोन बाजूंनी पोहोचता येईल असे ठेवावे. खाली पुसता येईल असे जाड कापड, शेजारी कोरडी फडकी, उरलेसुरले ओतायला एक झाकणाचे भांडे आणि पायाशी कचऱ्याची टोपली. सांडलवंड होणारच, तेव्हा ज्या लाकडी टेबलावर जीव आहे ते या कामाला काढू नये.

पाण्याचा जग आणि मद्यविरहित पेये टेबलाच्या पुढच्या बाजूला, सहज हाताशी असावीत. जी वस्तू समोर असते ती माणूस आधी उचलतो. खाण्याचे टेबल बारपासून जरा अंतरावर असले तर गर्दी विभागली जाते, पण खाणे लवकर मांडावे. रिकाम्या पोटी अल्कोहोल रक्तात फार वेगाने जाते.

शेकर, गाळणी वगैरे साहित्य विकत घ्यावेच लागते का?

वर्षातून एक-दोनदा पार्टी असेल तर नाही. घट्ट झाकणाची बरणी शेकरचे काम करते, चहाची गाळणी गाळते, लाटण्याच्या टोकाने पुदिना दाबता येतो आणि लांब दांड्याच्या कुठल्याही चमच्याने ढवळता येते. मापाचा पेला किंवा मापाचा चमचा, ओपनर आणि बूच काढायचा स्क्रू या तीन गोष्टींना मात्र पर्याय नाही, आणि स्क्रू दोन असावेत, कारण एक हमखास कुठेतरी ठेवला जातो.

शेकर घ्यायचाच असेल तर तीन भागांचा, आतच गाळणी असलेला शेकर शिकायला सोपा असतो, पण बर्फाने थंड झाला की त्याचे झाकण आवळून बसते आणि चार माणसांच्या देखत उघडता उघडत नाही. दोन पेल्यांच्या शेकरला थोडा सराव लागतो. तो एका हाताच्या तळव्याने बाजूला टोला दिला की सुटतो. कोणत्याही शेकरमध्ये सोडा, टॉनिक किंवा फसफसणारी वाइन घालून हलवू नये. झाकण उडते, आणि पुढे काय होते ते छतावर दिसते.

कोणते पेय हलवायचे आणि कोणते ढवळायचे?

लिंबू, फळाचा रस, साय किंवा अंडे असेल तर बर्फाबरोबर दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावे. त्याने हवा मिसळते आणि घट्ट-पातळ घटक एकजीव होतात. नुसती मद्येच असतील तर ढवळावे म्हणजे पेय नितळ राहते. कच्चे अंडे घालायचे असल्यास पाश्चराइज केलेले वापरावे, आणि वीस जणांच्या पार्टीत शक्यतो अंड्याच्या वाटेला जाऊच नये.

पेये आधी करून ठेवता येतात का?

येतात, आणि यजमानाला पार्टीत बसायचे असेल तर दुसरा मार्ग नाही. वर सांगितलेल्या दोन पेयांवरून पद्धत सांगतो.

नेग्रोनी बारा ग्लासांसाठी करायची तर जिन, लाल व्हर्मुथ आणि कडू लिक्युअर प्रत्येकी ३६० मि.ली. घ्यावे. एरवी ढवळताना बर्फ वितळून जे पाणी पेयात उतरले असते, ते येथे स्वतः घालावे लागते. नवख्यांकडून हीच पायरी राहते आणि मग पेय घशाला लागते. बर्फाशिवाय ओतणार असाल तर २०० मि.ली. पाणी घालावे, मोठ्या तुकड्यावर ओतणार असाल तर त्याच्या निम्मे. मिश्रण स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. हे आदल्या दिवशी केले तरी चालते, कारण यात नासणारे काही नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. पाणी घातल्यावर मिश्रणातले अल्कोहोल पाव हिश्श्याच्या खाली येते आणि त्याचा गोळा होऊ लागतो. ग्लासात ओतल्यावर संत्र्याच्या सालीची पातळ चकती पेयावर धरून दुमडावी. उजेडासमोर धरली तर सालीतून तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो. सुगंध त्या तेलाचा असतो. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तो साल काढतानाच टाळावा.

दुसरे पेय लिंबू-सोड्याचे. बारा ग्लासांसाठी ५४० मि.ली. जिन, २७० मि.ली. लिंबाचा रस आणि तेवढाच साखरेचा पातळ पाक एका जगात मिसळावा. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, विरघळेपर्यंत गरम करून गार केलेले; फ्रिजमध्ये तो दोन-तीन आठवडे टिकतो. लिंबाचा रस मात्र त्याच दिवशी काढावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याची चव शिळी लागते. बारा-चौदा रसदार लिंबे लागतील. ग्लास बर्फाने भरून त्यात ९० मि.ली. मिश्रण आणि वर १०० ते १२० मि.ली. सोडा घालावा. सोडा आधी जगात घालू नये. तो अगदी थंडही असावा लागतो, कारण थंड पाण्यात वायू जास्त विरघळून राहतो आणि कोमट सोडा बर्फावर ओतताक्षणीच फसफसून मरतो. चमच्याने एकदाच, खालून वर, हलके ढवळावे.

दोन्ही बाटल्यांना नाव आणि "किती ओतावे" याची चिठ्ठी लावली की पाहुणे आपले आपण घेतात.

पंच करून मोठ्या भांड्यात ठेवला तर?

चांगली कल्पना आहे. "पंच" हा शब्द आपल्याच "पाच"वरून गेला असे एक प्रचलित मत आहे: मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असे पाच घटक. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने लिहिलेल्या १६३२ सालच्या एका पत्रात हा शब्द सापडतो. व्युत्पत्तीवर सगळ्यांचे एकमत नाही, पण पाच घटकांचे सूत्र आजही उपयोगी पडते.

पंचाची चव आधी साखरेत लिंबाच्या साली चुरून दोन तास ठेवल्याने येते. साखर सालींतले तेल ओढून घेते आणि ओली होते. त्यात रस, मग मद्य, मग थंड पाणी किंवा चहा घालावा. भांड्यात लहान तुकडे न टाकता एका वाडग्यात गोठवलेला मोठा बर्फाचा गड्डा सोडावा. पंच गोड आणि सौम्य लागतो, त्यामुळे माणूस दोनदा-तीनदा भरून घेतो. वाढायचा डाव लहान ठेवावा आणि भांड्यावर "यात मद्य आहे" असे स्पष्ट लिहावे. घरात मुले असतील तर याला पर्याय नाही.

मद्य न घेणाऱ्या पाहुण्यांसाठी काय ठेवावे?

कोपऱ्यात उभी केलेली शीतपेयाची मोठी बाटली आणि कागदी पेले, हे उत्तर नव्हे. मद्य न घेणाऱ्याला चार तास गोड पेय पिणे नकोसे होते. त्याला हवे असते ते आंबट, कडसर, सावकाश घेता येईल असे काही, आणि तेही इतरांच्या हातात आहे तसल्याच ग्लासात; म्हणजे "का रे, घेत नाहीस?" हा प्रश्न संध्याकाळभर झेलावा लागत नाही. घरचा बार बरा की वाईट, हे मी या एका ग्लासावरून ठरवतो.

मद्याच्या तुरट चवीची जागा कडक, गार केलेला काळा चहा चांगली घेतो, कारण त्यातले टॅनिन जिभेला तसाच कोरडेपणा देते. थंड चहा, लिंबू, थोडा पाक, चिमूटभर मीठ आणि वर सोडा, हे पेय माझ्याकडे नेहमी सगळ्यांत आधी संपते. मद्य घेणारेही मधूनच तेच मागतात. दुसरा प्रकार व्हिनेगरचा: फळाचे तुकडे तेवढ्याच साखरेत रात्रभर मुरवून सुटलेला रस गाळायचा, त्यात चवीपुरते सफरचंदाचे व्हिनेगर घालायचे आणि सोड्यात मिसळायचे. टॉनिक वॉटरही कडवटपणामुळे उपयोगी पडते. तो कडवटपणा क्विनीनचा असतो, आणि काही औषधांबरोबर किंवा गरोदरपणात ते टाळायला सांगतात, म्हणून ते एकमेव पर्याय म्हणून ठेवू नये.

एक खबरदारी. सोड्यात बिटर्सचे (वनस्पतींच्या कडू अर्काचे) थेंब टाकून ते "मद्यविरहित" म्हणून देण्याची पद्धत आहे. अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते. दोन-चार थेंबांनी नशा होत नाही हे खरे, पण जो माणूस धर्मामुळे, आजारामुळे किंवा व्यसनातून बाहेर पडल्यामुळे मद्य घेत नाही, त्याला न सांगता ते देण्याचा अधिकार यजमानाला नाही.

ग्लास किती आणि कोणते?

माणशी दीड ग्लास, कारण लोक ग्लास कुठेतरी ठेवतात आणि नवा घेतात. उंच सरळ ग्लास आणि वाइनचे ग्लास असे दोन प्रकार, आणि नेग्रोनी असेल तर तिचे लहान ग्लास, एवढे पुरतात. बिअरचे ग्लास साबण नीट निघेपर्यंत धुवावेत. चिकटपणा राहिला तर फेस टिकत नाही.

वाइन किती थंड असावी, आणि फसफसणाऱ्या वाइनचे बूच कसे काढावे?

पांढरी ८ ते १२ अंश सेल्सिअस, लाल १४ ते १८, फसफसणारी ६ ते १०. लाल वाइन "खोलीच्या तापमानाला" द्यावी असे म्हणतात, पण पार्टीत माणसांनी भरलेली खोली त्याहून बरीच उबदार असते. पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढावी.

शॅम्पेनसारख्या वाइनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांएवढा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक. कोमट किंवा हिंदकळलेल्या बाटलीचे बूच डोळ्याला लागून कायमची इजा होऊ शकते, तेव्हा आवाज काढण्याची हौस आवरावी. बाटली पूर्ण थंड करावी, तोंड माणसांपासून दूर ठेवून ती पंचेचाळीस अंशांत तिरपी धरावी, तारेची जाळी सैल करतानाच अंगठा बुचावर ठेवावा आणि तो काढू नये. वर फडके टाकून बूच घट्ट धरावे आणि बाटली बुडाकडून फिरवावी. बरोबर जमले तर फक्त हलका सुस्कारा ऐकू येतो.

शाकाहारी पाहुणे आणि ॲलर्जी असलेले पाहुणे यांच्यासाठी काय पाहावे?

काही वाइन आणि काही बिअर नितळ करताना माशांपासून मिळणारे आयसिंग्लास, जिलेटिन, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातले केसिन वापरतात. ते गाळात निघून जाते, पण काटेकोर शाकाहारी व्यक्तीला हे कळायला हवे. लेबलवर "व्हीगन" लिहिलेली बाटली आणली की प्रश्न मिटतो. बदामाचे सरबत आणि काही लिक्युअर सुक्यामेव्याची असतात, साय घातलेल्या लिक्युअरमध्ये दूध असते आणि बिअर बार्लीची किंवा गव्हाची असते. प्रत्येक पेयाच्या चिठ्ठीवर घटक लिहून टाकावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

धूर निघणारी पेये करण्यासाठी ड्राय आइस वापरावा का?

माझे उत्तर नाही. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते. तुकडा तोंडात किंवा पोटात गेला तर गंभीर इजा होते, आणि झाकण लावलेल्या बाटलीत टाकला तर वायूच्या दाबाने बाटली फुटते. गर्दीत कोण काय गिळतो यावर लक्ष ठेवता येत नाही.

कोणी जास्त घेतले तर काय करावे?

आधी न होण्याची व्यवस्था असावी: मापाने ओतणे, लवकर खाणे, समोर पाणी, आणि संपायच्या वेळेच्या तासभर आधी बार गुपचूप आवरणे. कॉफीने झोप उडते. रक्तातले अल्कोहोल तसूभरही कमी होत नाही. गार पाण्याच्या आंघोळीचेही तेच. यकृत साधारण तासाला एका ड्रिंकएवढे अल्कोहोल मोडते आणि त्याचा वेग कशानेही वाढवता येत नाही. म्हणून आलेली माणसे घरी कशी जाणार, हे आमंत्रण देतानाच विचारावे आणि गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. झोपेच्या किंवा तशा गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर मद्यापासून लांबच राहावे.

कोणी झोपले आणि हलवून, हाक मारूनही जागे होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, अंग गार पडून निळसर दिसत असेल, तर ती साधी झोप नाही. त्या माणसाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी. "झोपू दे, उतरेल" हे वाक्य येथे जिवावर बेतते.

घरातच पार्टी असेल तर कायद्याचा संबंध येतो का?

येतो. मद्य घेण्याचे वय, घरी किती साठा ठेवता येतो आणि परवाना लागतो की नाही, हे ठिकाणानुसार बदलते, खरेदीपूर्वी तपासावे. बाटल्या अधिकृत दुकानातूनच, सील पाहून घ्याव्यात. बनावट मद्यातले मिथेनॉल दृष्टी आणि जीव दोन्ही घेते.

पार्टीनंतर उरलेल्याचे काय करावे?

जिन, रम, व्हिस्की झाकण घट्ट लावून, उन्हापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. त्या नासत नाहीत. उघडलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस राहते. व्हर्मुथ ही मुळात वाइनच आहे, हे विसरून लोक ती वर्षभर कपाटात ठेवतात आणि पुढच्या सुट्टीत "नेग्रोनी बिघडली" म्हणतात. तिची जागा फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत ती संपवावी. सायीची लिक्युअरही उघडल्यावर थंड जागीच ठेवावी. लिंबाचा रस घातलेले मिश्रण उरले तर सकाळपर्यंत फ्रिजमध्ये राहील, नंतर ओतून द्यावे. वाइनचे ग्लास रात्रीच पाण्याने भरून ठेवावेत, कारण तळाशी वाळलेला लाल डाग सकाळी निघता निघत नाही. घासणे मात्र सकाळवर टाकावे, कारण दमलेल्या हातांतून पातळ काचेची दांडी फार पटकन मोडते.